डेपोखालचं तळं

डेपोत त्यांना सगळे सावकाश म्हणत. हे नाव इतकं चिकटलं होतं की त्यांचं खरं नाव घेऊन कोणी हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. बस चालवताना सावकाशांनी जन्मात घाई केली नाही. मागून हॉर्न वाजोत, प्रवासी घड्याळं दाखवोत, हा माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखा जायचा. कोणी फारच कुरकुर केली तर म्हणायचा, "पोचवतो ना? मग झालं."

त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरचं नाव सुट्टे. ते का, हे सांगायला नको. सुट्टे बोलायला लागले की शेवटच्या स्टॉपपर्यंत थांबत नसत, आणि सावकाश पहिल्या स्टॉपपासून गप्प असत. त्यामुळे दोघांचं आयुष्यभर उत्तम जमलं.

एका बाबतीत मात्र सावकाशांचं डोकं फिरायचं. ती बाब म्हणजे पाळी. डेपोत गाड्या लावायच्या जागा आखलेल्या होत्या. पुढच्या जागा छपराखाली, सावलीत, आणि त्या मॅनेजरच्या मर्जीतल्यांना. मागच्या भिंतीलगतचा शेवटचा पट्टा कोणालाच नको असायचा. तिथली जमीन खचलेली, कडक उन्हाळ्यातही ओलसर. काँक्रीट ओतलं की थोड्या दिवसांत भेग पडायची आणि भेगेतून पाणी झिरपायचं. गाडीतून उतरलं की बूट भिजणार हे ठरलेलं. सावकाशांनी वर्षानुवर्षं भांडून सगळ्यांना सगळ्या जागा पाळीपाळीने, हा नियम करून घेतला. नियम झाला, आणि लोकांनी आपापली पाळी आली की "काका, आजच्या दिवस तुम्ही लावा ना मागे" असं लाडीगोडीने म्हणायला सुरुवात केली. सावकाशांना नाही म्हणता येईना. म्हणजे भांडण जिंकून गडी होता तिथेच राहिला.

रोज संध्याकाळी गाडी उलटी घेत त्या पट्ट्यात घालायची, मागे उभं राहून सुट्ट्यांनी पत्र्यावर थापा मारत "येऊ दे... येऊ दे..." करायचं, आणि भिंतीपासून हातभर अंतर राहिलं की "हां, झालं" म्हणायचं. दोघांची नोकरी अशी संपली.

निवृत्तीनंतर सावकाश लेकीकडे राहायला आले. बायको आधीच गेली होती. लेक ज्या ऑफिसात होती तिथे नाहीशी होत चाललेली झाडं आणि जीवजंतू वाचवायचं काम चाले. हे काम नक्की काय ते सावकाशांना मित्रांना कधी धड सांगता आलं नाही. "दिवसभर कसल्याशा माश्या मोजते," एवढं ते सांगायचे.

त्या माश्या नव्हत्या, टाचण्या होत्या. चतुराची नाजूक धाकटी बहीण म्हणावी अशी, निळीशार, बोटाएवढी टाचणी. गावात पूर्वी जागोजागी तळी होती आणि तळ्यात पाणचांदणी नावाची पाणवनस्पती वाढायची. दोऱ्यासारखी पानं पाण्याखाली, आणि बारीकसं पांढरं फूल पाण्यावर. ही टाचणी त्या पाणचांदणीच्या देठात अंडी घालायची. मग गाव वाढलं, एकेक तळं बुजलं, पाणचांदणी गेली. टाचण्या उरल्या त्या गावाबाहेरच्या खाणीच्या एका खड्ड्यात, भलत्याच गवतावर कशीबशी अंडी घालत. तो खड्डाही दरवर्षी जास्त आटत होता.

लेकीच्या ऑफिसला बुजवलेलं एक तळं पुन्हा खणायची परवानगी मिळाली होती. एकच. आणि जागा चार होत्या: जुन्या वीटभट्टीमागे, शाळेच्या मैदानाच्या कडेला, बंद पडलेल्या गिरणीत आणि बसडेपोच्या मागच्या अंगणात. डेपो गावाबाहेर हलला होता, म्हणून त्याचा नंबर लागला.

"डेपोत तळं?" सावकाश म्हणाले. "आम्हाला कधी दिसलं नाही ते."

"तुमच्या आधीच बुजवलं, बाबा. जुन्या नकाशात आहे. मागच्या भिंतीपाशी."

सावकाशांना भिजलेले बूट आठवले. आयुष्यभर ते त्या ओलीला ठेकेदाराचा चोरटेपणा समजत आले होते आणि ठेकेदाराला मनोमन शिव्या देत आले होते.

"मग चारांतलं कुठलं खणायचं हे ठरवणार कसं?"

"चिखलाला विचारून," लेक म्हणाली.

प्रत्येक जागी जमिनीत खोल नळी घालून तिने जुन्या तळ्याच्या तळचा गाळ काढला होता. त्या गाळात पाणचांदणीचं बी असेल तर असेल. असलं तर जिवंत असेल की मेलेलं, हे बघून कळत नाही. गाळ पसरायचा, ओला ठेवायचा, ऊन दाखवायचं आणि वाट बघायची. ज्या गाळातून पाणचांदणी उगवेल ते तळं खणायचं. "पण एखादं रोप आलं तर तेच नेऊन कुठल्याही तळ्यात लावता येणार नाही का?" सावकाशांनी रास्त शंका काढली. लेक म्हणाली, "एका रोपाने तळं होत नाही, बाबा. इथे एक उगवलं म्हणजे तिथे खाली हजारो असणार. ते हजारो हवेत. चुकीच्या जागी खणलं तर हातात नुसता खड्डा. बाकीच्या जागांवर मग इमारती उठतील, आणि दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही."

ऑफिसात ऊन येत नव्हतं. म्हणून गाळाचे चार ट्रे घराच्या गॅलरीत आले. एका बंद पडलेल्या बेकरीचे ॲल्युमिनियमचे ट्रे होते ते, पावाचे. ओल्या पत्र्यावर चिठ्ठी टिकेना, म्हणून लेकीने गॅलरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने चार नावं लिहिली आणि प्रत्येक नावासमोर तो तो ट्रे ठेवला.

"आमच्या डेपोचा कुठला?"

"हा. कोपरा चेपलाय तो."

"ठोकलेली गाडी नेमकी आमच्याच डेपोला," सावकाश म्हणाले.

पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आलं. प्रत्येक ट्रेला पाण्याचा मग वेगळा, वर जाळी, आणि लेकीची ताकीद: "काही हलवू नका हं." सावकाश "हो" म्हणाले आणि लेक खाणीवर टाचण्या मोजायला निघून गेली.

दोन-चार दिवसांत सावकाशांच्या लक्षात आलं की गॅलरीत ऊन येतं ते एका टोकाला. वीटभट्टी त्यात न्हाऊन निघते, शाळेला बरं मिळतं, गिरणीला जेमतेम, आणि डेपो दिवसभर अंधारात. शेवटच्या पट्ट्यात. त्यांचं डोकं पुन्हा फिरलं. दुसऱ्या दिवशी लेक गेल्यावर त्यांनी चारही ट्रे एकेक घर पुढे सरकवले. पहिला शेवटी. रोज सकाळी पाळी. हलवू नका म्हणजे धक्का लावू नका, सांडू नका, असंच त्यांनी धरलं होतं. रांगेत नीट पुढे सरकणं म्हणजे हलवणं, हे डेपोत नोकरी केलेल्या माणसाच्या ध्यानीमनीही येणार नाही. लेक थकून घरी यायची, कठड्यावरचं नाव वाचायची, ट्रेमधला चिखल न्याहाळायची. चेपलेला कोपरा कुठे आहे हे कोण बघतं?

असे बरेच दिवस गेले. ट्रेमध्ये कसलंकसलं गवत आलं, शेवाळ आलं. आणि एका सकाळी चेपलेल्या ट्रेमध्ये सावकाशांना एक हिरवा दोरा दिसला.

त्यांनी वर्तमानपत्र वाचायचं भिंग आणलं आणि गुडघे टेकले. दोरा नव्हता. दोऱ्यासारखीच पानं, एकाला एक फुटलेली, कंगव्याच्या दातांहून बारीक. प्रत्येक पानाच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा अडकलेला. बघता बघता एक सुटला आणि वर गेला. सावकाश बघत राहिले. चहा गार झाला तरी त्यांना उठवेना.

त्याच सकाळी सुट्टे जिना चढून आले, धापा टाकत, चेहरा उजळलेला.

"काम झालं गड्या. डेपोचं मागचं अंगण आपल्याला देतायत. छप्पर घालून, बाकं टाकून. रिटायर झालेल्यांसाठी. तळ्याचं दुसरीकडे ठरलं की लगेच." ते खुर्चीत टेकले. "तुला ठाऊक आहे माझ्या घरचं. मुलगा, सून, नातवंडं, दोन खोल्या. दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसतो मी. येणारा-जाणारा म्हणतो, काका, जरा पाय घ्या. पाय घेऊन घेऊन कंटाळलो बघ."

सावकाशांनी त्यांना चहा दिला. ट्रेवर जाळी घातली होती, आणि सुट्ट्यांनी तिकडे बघितलंही नाही. कोण कुठल्या बाकावर बसणार हे ते सांगत होते.

संध्याकाळी लेक आली, गॅलरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. सावकाश बघायला गेले तर ती फरशीवर बसून डोळे पुसत होती.

"बाबा, आली. पाणचांदणी. गिरणी आहे. गिरणी!"

चेपलेला ट्रे त्या दिवशी पाळीने गिरणीच्या नावासमोर आला होता. सावकाशांनी सांगायला तोंड उघडलं. लेक तेवढ्यात ऑफिसातल्या मोठ्या बाईंना फोन लावत होती. "हो बाई, गिरणीच्या गाळात. नक्की." सावकाशांना जिन्याच्या पायरीवर पाय आवरून बसलेले सुट्टे दिसले आणि त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ट्रे फिरवणं थांबवलं आणि मनाची समजूत घालायला सुरुवात केली. गिरणीतही असेल की बी. खणल्याशिवाय कोणाला कळतंय? माश्याच तर आहेत. पण सकाळी पाणी घालायला बसलं की समजूत टिकत नसे. मगातलं पाणी ओतलं की चेपलेल्या ट्रेमध्ये पाण्यावर तेलाचा पातळ तवंग यायचा, जांभळा, हिरवा. बाकी तिन्ही ट्रेंत नाही. डेपोचा ट्रे दुसऱ्या कुठल्या नावासमोर ठेवला म्हणून तो काही डेपो सोडत नव्हता.

ट्रेमध्ये एक कळी आली. लेक तिच्यासमोर ऑफिसला जायचा उशीर करत बसायची. एकदा सावकाशांनी विचारलं, "किती जुनं असेल गं बी?"

"तळी बुजली तेव्हाचं. तुम्ही नोकरीला लागायच्या आधीचं. तेव्हापासून अंधारात पडून आहे, हवा नाही, ऊन नाही. मेलं नाही आणि रुजलंही नाही. नुसतं होतं."

लेक गेली. सावकाश तिथेच बसले. ते नोकरीला लागले तेव्हा हे खाली होतं. त्यांचं लग्न झालं, ही पोर झाली, तेव्हा खाली होतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर बायकोला दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने कामावर गेले, स्टिअरिंगवर डोकं टेकून शेवटच्या पट्ट्यात बसून राहिले, तेव्हाही खालीच होतं, त्यांच्या पायांखाली. वर एवढी लोखंडाची गाडी, रोज सकाळी धडधडणारं इंजिन, ओतलेलं काँक्रीट. आणि खाली मोहरीहून बारीक बी. सावकाश देवाधर्मातले नव्हते. पण त्यांनी ट्रेसमोर हात जोडले, कोणी बघत नाही ना हे न बघताच.

जागा ठरवायची मीटिंग ज्या दिवशी होती त्याच सकाळी फूल उमललं. पांढरं, शर्टाच्या लहान बटणाएवढं, देठावर सरळ उभं. लेक लवकरच निघून गेली होती, तिने पाहिलंही नव्हतं. सावकाशांनी पाहिलं, चप्पल घातली आणि बस पकडली. ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दोन स्टॉप गेल्यावर सावकाश पुढे जाऊन त्याच्याजवळ उभे राहिले.

"जरा लवकर घे रे."

ड्रायव्हरने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग पुढे रस्त्याकडे, आणि पुन्हा त्यांच्याकडे. "काका, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

ऑफिसात लांब टेबलाभोवती माणसं बसली होती. लेक उभी राहून गिरणीचं काहीतरी सांगत होती. सावकाश दारातच थांबले आणि एका दमात बोलून गेले. "तो ट्रे गिरणीचा नाही. डेपोचा आहे. मी रोज ट्रे फिरवत होतो."

लेकीचा चेहरा उतरला. एवढ्या माणसांत तिचं सगळं काम बापाने उधळून लावलं होतं.

"फिरवत होतात? का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ऊन एकाच टोकाला येतं. सगळ्यांना मिळायला हवं ना."

कोणीतरी हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "फिरवलेत, तर मग डेपोचा कुठला हे कशावरून सांगता?"

"कोपरा चेपलाय. आणि पाणी घातलं की त्यावर तेल येतं. चला, दाखवतो."

आणि खरोखरच सगळी माणसं उठून त्यांच्या घरी आली. एवढ्याशा गॅलरीत दाटीवाटीने उभी राहिली. लेकीने स्वतः चारही ट्रेंत पाणी ओतलं. तीन ट्रेंचं पाणी मातकटच राहिलं. चौथ्यात फुलाच्या देठाभोवती जांभळा-हिरवा तवंग पसरत गेला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि त्या फुलासमोर उकिडव्या बसल्या. बसमधून इतकी माणसं वाहिली, पण बघताना सगळ्यांचे चेहरे असे एकसारखे झालेले सावकाशांनी कधी पाहिले नव्हते.

तरी खात्री हवी होतीच. निर्णय लांबवला गेला, डेपोत आणखी ठिकठिकाणी नळ्या घातल्या गेल्या, नवे ट्रे आले, या वेळी नावं ट्रेच्या पत्र्यातच खिळ्याने कोरलेली. गिरणीच्या ट्रेंत गवत आलं. डेपोच्या प्रत्येक ट्रेमध्ये पाणचांदणी आली.

दरम्यान लेक बापाशी कामापुरतंच बोलत होती. निकाल लागला त्या दिवशी ती गॅलरीत येऊन त्यांच्याशेजारी बसली.

"तुम्ही गप्प राहिला असतात तर मी गिरणी खणली असती, बाबा. आणि डेपोच्या अंगणावर छप्पर चढलं असतं."

"हो."

"एवढे दिवस का नाही सांगितलंत?"

"सुट्टे," सावकाश म्हणाले. तिला पुढे विचारावं लागलं नाही.

थोड्या वेळाने ती कठड्यावरचं शेवटचं नाव नखाने खरवडत म्हणाली, "पण तुम्ही फिरवले नसते, तर डेपोचा ट्रे या अंधाऱ्या टोकालाच राहिला असता. उजेडाशिवाय हे बी जागं होत नाही. काही उगवलंच नसतं. तरीही मी चुकीचीच जागा खणली असती." आणि तिला हसू फुटलं. सावकाशांनाही फुटलं, पण त्यांचं पुरतं फुटलं नाही, कारण सुट्टे मीटिंगच्या दिवसापासून जिना चढले नव्हते. रस्त्यात दिसले तरी बाजू बदलायचे.

डेपोचं अंगण फोडलं तेव्हा सावकाश भिंतीपाशी उभे होते. काँक्रीटचा शेवटचा थर उचलला गेला, काळी माती दिसली, आणि यंत्र जरा खोल गेल्यावर खड्ड्यात पाणी यायला लागलं. कोणी सोडलं नव्हतं. ते आपलं आपण, तळातून, कसलाही आवाज न करता येत होतं. यंत्रावरचा माणूससुद्धा इंजिन बंद करून बघत बसला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तळं भरलं आणि पाण्याखाली हिरवे दोरे झाले, इतके की तळ दिसेना. मग फुलं आली. लेकीने ऑफिसात भांडून भिंतीच्या सावलीत दोन बाकं टाकून घेतली, वर छप्पर नाही. सावकाश रोज सकाळी जाऊन एका बाकावर बसायचे. दुसरं रिकामं असायचं.

एक दिवस ते रिकामं नव्हतं. सुट्टे बसले होते, पाय लांब सोडून. सावकाश आपल्या बाकावर जाऊन बसले. सुट्टे एवढा वेळ गप्प राहू शकतात हे सावकाशांना नवीन होतं.

"इथंच ना रे आपली गाडी?" शेवटी सुट्ट्यांनी विचारलं.

"इथंच."

"आणि हे सगळं खाली?"

"खाली."

"मी रोज पत्र्यावर थापा मारायचो," सुट्टे म्हणाले. "यांना ऐकू जात असेल का?"

इतक्यात पाण्यावर काहीतरी निळं चमकलं. एक टाचणी भिंतीवरून आली होती, खाणीच्या बाजूने. ती फुलांवर घिरट्या घालू लागली. एका देठापाशी गेली, मागे सरली, दुसऱ्यापाशी गेली. ओळखीचं असूनही भरवसा नसल्यासारखी ती पुन्हा पुन्हा मागे सरत होती. दोघेही बाकाच्या कडेवर आले. सुट्ट्यांचा हात नकळत वर गेला, पंजा पाण्याकडे करून, आणि ते अगदी हलक्या आवाजात म्हणू लागले, "येऊ दे... येऊ दे..."

टाचणी खाली आली, देठाला धरून स्थिर झाली आणि तिने शेपटी पाण्यात वाकवली.

"हां," सुट्टे म्हणाले, "झालं."